कांद्याचं मचाण

सडलेल्या कांद्याचा वास हाताला लागला की साबणाने जात नाही. लिंबाने नाही, राखेनेही नाही. सोमवारी शाळेत फळ्यावर लिहिताना मी स्वतःचाच हात नाकापासून लांब धरायचे. मी आदिलाबादला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, तामसीहून बसने जाते-येते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून पावसाळ्यातला माझा प्रत्येक रविवार कांदा निवडण्यात जायचा.

आमचं घर भाजीपाला पिकवणारं. कांदा काढला की मागच्या टिनाच्या शेडात मचाणावर पसरायचा आणि भाव पाहून विकायचा. मचाण म्हणजे तीन लांब सागवानी तुळया, त्यांच्यावर बांबूच्या तट्ट्या आणि तट्ट्यांवर कांदा. तुळयांना आधार फक्त दोन टोकांना, नुसत्या रचलेल्या विटांच्या खांबांचा. मधला भाग मोकळा, कारण तिथे माझ्या भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची, मोटारसायकल उभी राहायची.

तुळया मधोमध वाकल्या होत्या. कांदा घरंगळून त्या खळग्यात जमायचा. थर जाड झाला की आत वारा पोचायचा नाही आणि माल सडायचा. तिथे वजन वाढलं की तुळया आणखी वाकायच्या. मी आणि जाऊबाई त्या खळग्यात कोपरापर्यंत हात घालायचो. वरून लालबुंद दिसणारा कांदा मुठीत पचकन फुटायचा आणि आतून अळ्या निघायच्या. पिवळं चिकट पाणी तट्ट्यांतून खाली ठिबकायचं. एकदा ते गाडीच्या सीटवर पडलं. भासरे खाली उभे राहून म्हणाले, "घरात दोन-दोन बाया, अन् हे हाल. काय करून राह्यल्या तुमी?" त्यांनी फडकं माझ्यासमोर टाकलं. मी ते उचललं नाही. जाऊबाईंनी मुकाट्याने उचललं आणि सीट पुसली. मला त्या पाण्यापेक्षा त्या पुसण्याची जास्त शिसारी आली.

त्याच संध्याकाळी मी बांबूची एक लांब कामटी घेतली, दोन वाट्या पालथ्या घातल्या, कामटीची टोकं त्यांवर टेकवली आणि तिच्यावर बारके कांदे ओळीने मांडले. कामटी मधे झोळीसारखी लोंबली. मग कांदे तसेच ठेवून मी दोन्ही वाट्या हळूहळू आत सरकवल्या. कामटी सरळ होत गेली.

मी भासऱ्यांना बोलावलं. "भाऊजी, पाहा. वाटीच्या बाहेर जे वजन राहतं ते टोकाला खाली दाबतं, म्हणून मधला भाग वर उचलला जातो. खांब फार आत घेतले तर टोकं लोंबतील. दोन्हीकडून लांबीच्या पाचव्या हिश्शाइतके आत घेतले की बरोबर. तीच तुळई, तोच माल, पण वाकवणारा जोर पुष्कळच कमी."

"अन् माही गाडी कशी मावन मंग?"

"बाहेर ठेवा."

"बापानं मांडलं तसंच राहीन ते," भासरे म्हणाले. "मास्तरीणबाई, शाळा शाळेत."

माझा नवरा ताटात पाहत जेवत राहिला.

काही दिवसांनी दोघे भाऊ सोयाबीनच्या कामाने भैंशाला गेले. सुट्टीचा दिवस होता. मी जाऊबाईंना म्हटलं, "आज करू." मचाण रिकामं केलं, तुळया उतरवल्या, विटांचे खांब मोडून आतल्या जागी पुन्हा रचले. तुळयांना कायमचा बाक आला होता, म्हणून त्या उलट्या करून पोट वर घेतलं.

उतरवलेला कांदा ठेवायला कोपऱ्यातली भरलेली पोती हलवावी लागली. एक पोतं तळाशी ओलं होतं, हात लावताच फाटलं. वरच्या थराला सुका, चकचकीत कांदा होता. खाली मात्र आम्ही दोघींनी रविवारी वेचून फेकायला म्हणून बाजूला काढलेला सगळा चिखल भरलेला होता.

"हे इथं काऊन?" मी विचारलं.

जाऊबाई विटा पुसत होत्या. "ते हॉस्टेलचं हाय. दर हप्त्याले जाते."

हॉस्टेल म्हणजे आदिलाबादचं, खेड्यापाड्यांतल्या मुलींचं; तिथे कांदा आमच्या घरूनच विकत जायचा. त्यातल्या कितीतरी माझ्याच वर्गात बसतात. दुपारी पोट धरून बाकावर डोकं टेकणाऱ्या त्या मुलींना मी हात धुऊन जेवत जा म्हणून सांगत होते. मी शेडाच्या मागे जाऊन उलटी केली.

"तुमाले माहीत होतं?"

"मले काऊन इचारता," जाऊबाई म्हणाल्या, आणि पुढची वीट उचलली.

भासरे परतले ते गाडीला जागा नाही म्हणून आधीच तापलेले. मुद्दाम एका टोकालाच कांदा ओतू लागले. मधे काही नव्हतं, त्यामुळे ते टोक खाली गेलं, दुसरं वर उठलं आणि सगळा माल जमिनीवर आला. ते माझ्याकडे पाहून हसले. मी म्हटलं, "आधी मधे भरा, मग टोकं. काढताना आधी टोकं, मग मधलं." नवऱ्याने पहिल्यांदाच टोपली उचलली आणि मी सांगितलं तसं भरून दाखवलं. मचाण सरळ राहिलं. पुढच्या रविवारी वरखाली करून पाहिलं तर सडका कांदा मूठभरच निघाला. त्यानंतरही तसंच.

एवढ्यावर निभावलं असतं तर बरं झालं असतं. एका संध्याकाळी भासरे जेवताना सासूबाईंना म्हणाले, "आता खराब माल निघतच नाई. हॉस्टेलले चांगला देऊ का मंग? भीमपूरकडून सडका आणा लागन." ते गमतीने बोलत नव्हते, खरोखर अडचण सांगत होते.

मी म्हटलं, "आत्याबाई, त्या पोरी माझ्या वर्गात आहेत."

सासूबाई म्हणाल्या, "तिखटात शिजते सगळं. कोनी मेलं नाई अजून."

मी ताट सरकवलं. पुढे कित्येक दिवस मी घरातलं कांदा घातलेलं काही खाल्लं नाही.

पुढच्या खेपेला भीमपूरचा सडका माल भरलेली पोती हॉस्टेलात पोचली तेव्हा मी शाळेतून सरळ तिथे गेले. वॉर्डनबाईंसमोर एक पोतं तळाकडून उसवलं. फरशीवर पाणी पसरलं. भात वाढून घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या मुलींनी ओढण्या नाकाला लावल्या. वॉर्डनबाई म्हणाल्या, "म्याडम, तुमच्याच घरचा माल आहे हा."

"म्हणूनच आले," मी म्हटलं. पोती परत गेली आणि घरचा पुरवठा बंद झाला.

भासरे माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर भिंतीकडे पाहून सांगतात. गावात बोलणं झालं की कांद्यासाठी सुनेने घरची अब्रू बाजारात नेली. पण मचाणाची बातमीही त्याच तोंडांनी पसरली. माणसं येऊ लागली, "म्याडम, आमच्या तुळया पाहून द्या, खांब कुठं घ्याचे ते सांगा."

मी जाते. दोरीने लांबी मोजते, दोरीच्या पाच घड्या घालते, खडूने दोन्हीकडे खूण करते, भरायचा क्रम सांगते. त्यांचा सडका माल कुठे जातो तेही विचारते, आणि बहुतेक जण दुसरीकडे पाहतात. मग आतून चहा येतो. मी तो कुणाच्याच घरी घेत नाही.