मॅडमच्या दाट पापण्या

ज्यांच्या पापण्यांचे केस विरळ, त्या बायका माझ्या आत्याचं नाव विचारत यायच्या. पार्लरमधली खिडकीजवळची खुर्ची तिची. जाड रेघा ओढणाऱ्यांचा तिला मनस्वी राग. रेघ काय, शाळेतली पोरंही मारतात, म्हणायची. ती ठिपके द्यायची. गिऱ्हाइकाच्या मांडीवर आरसा ठेवून खाली बघायला लावायचं, अंगठ्याने वरची पापणी अलगद उचलायची आणि ताजं टोक काढलेली पेन्सिल केसांच्या मुळांमधल्या एकेका फटीत टेकवत जायचं. काळीकुट्ट नाही, काळपट तपकिरी. नाकाकडे हात आखडता, बाहेरच्या बाजूला जरा सैल. मग कोरड्या ब्रशने ठिपके एकमेकांत मिसळायचे. बाई उठली की वाटायचं, हिला देवानेच दिल्यात. पुढे पुढे बाईलाही तसंच वाटायला लागायचं. घोडं तिथेच पेंड खायचं.

मॅडमचं तेच झालं. मॅडम म्हणजे आमच्या मालकीणबाई. नऊ वर्षांपूर्वी मोठ्या आजारातून उठल्या तेव्हा त्यांच्या पापण्यांवर मोजून दहा-बारा केस उरले होते. कुणाला कळता कामा नये, आणि मलाही ते डोळे परत बघायचे नाहीत, असं त्यांनी आत्याला बजावलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी दार उघडायच्या आधी त्या डोळे मिटून खुर्चीत बसायच्या, फोन कानाला. आत्या आदल्या दिवसाचं पुसायची आणि त्याच बैठकीत नवं भरायची. पेन्सिल पाण्याने न जाणारी. झोपताना पुसत जा, नाहीतर आहेत तेवढेही गळतील, हे आत्याचं पालुपद. ऐकतंय कोण? काळे झालेले कापसाचे बोळे टाकायचं काम माझं, त्यामुळे मिटल्या डोळ्यांचं खरं रूप आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. केस परत आले अशी मॅडमनी आपली समजूत करून घेतली होती. आम्हीही म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आई गेल्यावर आत्यानेच मला वाढवलं आणि या पार्लरमध्ये चिकटवलं. मी नकली पापण्या लावायला शिकले. तरुण मुलींना त्याच हव्या असायच्या. मग पार्लर लहान जागेत हलवायचं ठरलं आणि डोळ्यांच्या कामाला एकच खुर्ची राहणार असं कळलं. आत्या की मी, ते मॅडम स्वतःच्या चेहऱ्यावर बघणार होत्या. उजवा डोळा तिने करायचा, डावा मी. आत्याला बावन्नावं सरत आलेलं. त्या वयाच्या बाईला नवीन ठिकाणी कुणी उभं करत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. "बिनधास्त लाव," आत्या म्हणाली. तिला स्वतःच्या हाताची खात्री होती.

मॅडम डोळे मिटून बसल्या. आत्याने रोजच्यासारखे दोन्ही डोळे पुसले, उजवा भरला. तिने इतकं सुंदर काम मी कधी पाहिलं नव्हतं. मी डाव्यावर पापणी चिकटवली. मॅडमनी आरसा घेतला.

"डावा छानच झालाय. पण उजव्याला तू केलंस काय? या तर माझ्याच आहेत."

आत्या हसली. मला वाटलं, गप्प बसेल. पण तिने कापूस तेलात बुडवला, मॅडमचा उजवा डोळा स्वच्छ पुसला आणि आरसा परत समोर धरला.

"या तुमच्या, मॅडम."

एव्हाना कामावर आलेल्या पाच-सहा मुली आजूबाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या. मॅडमनी त्या बोडक्या पापणीवरून बोट फिरवलं.

"नऊ वर्षं पेन्सिल घासून घासून तूच गाळल्यास," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू रोज इथे असतेस ना? अशा होत्या माझ्या पापण्या?"

आत्या माझ्याकडे बघत होती.

"मी कधी नीट पाहिलं नाही, मॅडम," मी म्हणाले.

आत्या खुर्चीपासून बाजूला झाली. पेन्सिली पिशवीत भरल्या. टोकयंत्र मात्र माझ्या हातात दिलं. टोक रोज काढत जा, एवढंच बोलली. आम्ही अजून एकाच घरात राहतो. माझं ताट ती झाकून ठेवते, पण माझ्यासोबत जेवत नाही.

नकली पापण्यांच्या गोंदाने मॅडमचे डोळे आठवड्यात सुजले. आता रोज सकाळी मीच ठिपके भरते, आत्याने शिकवले तसे. मॅडम डोळे मिटून फोनवर बोलत असतात. परवा एका गिऱ्हाइकाने त्यांच्या पापण्यांची तारीफ केली.

"ती बाई गेली आणि बघा, कशा भरून आल्या," मॅडम म्हणाल्या. "हो की नाही गं?"

मला माझीच किळस आली. तरी मी हो म्हणाले.