उपरण्याखालची तडजोड

माझ्या मामांइतक्या तारखा मागणारा वकील नगरच्या कोर्टाने आधी पाहिला नव्हता आणि पुढे कधी पाहील असेही मला वाटत नाही. मी नवी सनद घेऊन त्यांच्या हाताखाली दाखल झालो तेव्हा लढाई चालू होती. बाजारात रॉकेल मिळत नव्हते, पण मामांच्या अर्जांना लागणारा कागद कुठूनतरी मिळत असे. मामीने भाजी आणायला सांगितली तरी ते आधी हरकत घेत, मग मुदत मागत आणि मुदत संपली की पिशवी वेळेवर मिळाली नाही अशी तक्रार करत. आमटीत मीठ कमी पडले की मामीची उलटतपासणी होई. मामीही खमकी. "निकाल लागला, आता ताट उचला," एवढेच म्हणून ती आत निघून जाई.

या कलेला बहर आला तो बेलापूरच्या एका शेतकऱ्याच्या प्रकरणात. नवरा-बायकोची काडीमोड झाली होती. लहानगी मुलगी बापाकडे राहिली होती आणि घोडेगावला माहेरी आलेल्या आईने तिचा ताबा मागितला होता. मामा बापाचे वकील. निकाल आपल्या विरुद्ध जाणार हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले आणि म्हणून तो लागूच दिला नाही. वर, निकाल लागेपर्यंत आईने मुलीला भेटू नये असा हुकूमही मिळवला. कधी त्यांचा घसा बसे, कधी साक्षीदाराची म्हैस व्यायला झालेली असे. एकदा तर मुलीला गोवर येण्याचा संभव आहे म्हणून त्यांनी तारीख मागितली. त्या दिवशी जज्जसाहेबांचा तोल सुटला. आईच्या आजवरच्या हेलपाट्यांचा खर्च पक्षकाराने नव्हे, वकिलाने स्वतःच्या खिशातून द्यावा, असा त्यांनी हुकूम केला. मामांनी त्यावरही हरकत घेतली आणि ती फेटाळली गेली.

मनिऑर्डरीचा आकार कोणी सोसायचा याचा हुकुमात खुलासा नाही, असे म्हणून मामा स्वतःच पैसे द्यायला घोडेगावला निघाले. मलाही बरोबर घेतले. मोटारीचे भाडे अर्थातच त्या आकाराच्या कितीतरी पट पडले.

त्या दिवशी घोडेगावात गुरांचा बाजार होता. आमचा पक्षकार तिथे बैल विकायला आला होता आणि त्याच्या गाडीत ती मुलगी बसली होती. थोड्या अंतरावर लिंबाखाली तिची आई आपल्या वडिलांबरोबर उभी होती. नुसती लेकीकडे पाहत होती. मामांनी पैसे पुढे केले, तर तिने हात मागेच ठेवले.

"पैसं नगं, वकीलसाहेब. पोरीला एकडाव जवळ घिऊ का, तेवढं सांगा."

मामांनी पैसे परत खिशात ठेवले. त्यांनी चारी बाजूंना एकवार नजर टाकली. तिथे व्यापारी रुमालाखाली हात घालून, नुसती बोटे दाबून बैलांचे भाव ठरवत होते. मामांनी मुलीच्या बापाला जवळ बोलावले आणि खांद्यावरचे उपरणे काढले. मुलीचा बाप आणि आजा एकमेकांशी बोलत नव्हते, पण बोटांना बोलायचे नव्हतेच. दोघांचे हात उपरण्याखाली घेऊन मामा मध्ये दलालासारखे बसले. मुलगी वर्षातून किती महिने बापाकडे राहील ते ठरवायचे होते, एका बोटाला एक महिना. बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी सौदा दोन बोटांवर ठरला. बाकीचे वर्ष मुलगी आईकडे.

"घ्या आता पोरीला," मामा म्हणाले. मुलगी गाडीतून उतरली, जरा लाजली आणि आईच्या पदरात शिरली. मामांनी पैसे आजाच्या हातात कोंबले आणि पावती मागायला विसरले.

पुढे कैक वर्षांनी मामांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. घर अगदी मुके झाले. मामी मुद्दाम आमटीत मीठ कमी घालायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. एकदा घोडेगावची ती मुलगी आपल्या तान्ह्या लेकीला घेऊन त्यांना भेटायला आली. मामांनी चांगल्या हाताने उपरणे तिच्या हातावर ओढले. ती हसली आणि तिचे डोळे भरून आले.

"समदी बोटं दाबली," ती मामीला म्हणाली. "लई भाव केला माझा."

मग ती जायला उठली, तर मामा उपरण्याखालचा हात सोडीनात. त्यांना आणखी एक तारीख हवी असावी.