उन्हाला पुरून उरलेला निळा

सकाळी देवापुढे दिवा लावत होते, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबा गेले..." मी दिवा लावला, पदर खोचला आणि निघाले. दादाशी मी तीन वर्षं बोलले नव्हते.

दादा खमरियाच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेला, मी शाळेत चित्रकला शिकवून घरी बसलेली. आमच्या बाबांचा जुना ट्रॅक्टर तिलवाऱ्याच्या शेतावर शेडमध्ये गंजत पडला होता. एका हिवाळ्यात दादाच म्हणाला, "बेबी, चल, याला पुन्हा उभा करू." मग रोज दुपारी आम्ही दोघं तारेचे ब्रश घेऊन गंज खरवडायचो. सीटखालच्या पत्र्यावर ऊन न लागलेला मूळ निळा मला सापडला, तेव्हा दादा पोरासारखा खूश झाला. तोच निळा जुळवायला मी रंगाच्या दुकानात किती फेऱ्या मारल्या! दादाला साधा ऑइलपेंट नको होता. "दोन उन्हाळ्यांत पांढरा पडते तो. हार्डनर मिसळायचा रंग घेऊ, खाली गंज रोखणारा प्रायमर."

"शेडमध्येच राहणार ना? मग इतका पक्का काहून?"

"ऊन कोणाला चुकलं, बेबी?" तो हसला. मीही हसले...

रंग वाळल्यावर पूजेसाठी नारळ घेऊन गेले, तर शेड रिकामी. शेत भेडाघाटकडच्या एका रिसॉर्टवाल्याने घेतलं होतं, आणि ट्रॅक्टर त्याच्या फाटकापाशी उघड्यावर, शोभेला. सगळं आधीच ठरलेलं होतं. शेत दादाच्या वाट्याचं, विकायचा हक्क त्याचा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण बाबांच्या ट्रॅक्टरवरून मी महिनाभर हात फिरवत होते, ते परक्याच्या फाटकासाठी!

"मला सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं, तर तू हात लावला असता?"

त्याने माफी मागितली नाही. तेच आमचं शेवटचं बोलणं.

तेरावं झाल्यावर मी एकटीच रिसॉर्टला गेले. भर उन्हात ट्रॅक्टर उभा होता. कुठेतरी पोपडा सुटला असेल, निळा विटला असेल, या आशेने चारी बाजूंनी फिरले. खरं सांगते, रंग उडालेला दिसला असता तर बरं वाटलं असतं. पण कुठे ओरखडाही नव्हता.

वॉचमन जवळ आला. "बढ़िया पेंट है ना, दीदी? किसने किया, पता नहीं."

"मेरे भाई ने," मी म्हटलं.

'और मैंने' एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.