कातडी उभी कापली, तिथंच चुकलं

माणसाची कातडी सोलल्याचं वर्णन वाचत वाचत तर्री-पोहे हाणणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच असेल, आणि आमचं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. हुडकेश्वरला त्यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाउज असा शिवतात की बायका सावनेरहून एसटीनं माप द्यायला येतात. पण मशीनशेजारी कायम एक कादंबरी उघडी, तीही भुताखेतांची नव्हे. भुतं त्यांना पोरखेळ वाटतात, त्यांना हाडामांसाचंच लागतं. मागे एका कादंबरीत कुणी माथेफिरू डॉक्टर एकाची कातडी उतरवून दुसऱ्याच्या अंगावर चढवत होता. मी हौसेनं तीन पानं वाचली आणि पुढे आठवडाभर मटणाला शिवलो नाही. साडूभाऊंना त्यात भीती दिसलीच नाही, दिसली ती कारागिरीतली चूक. "यानं पाठीवर उभा काप घेतला, तिथंच चुकलं गा. आता खांद्याले झोल येईन. अन् काखेत मार्जिन कुठी सोडलं?" माप द्यायला आलेल्या एक बाई दारातच हे ऐकत उभ्या होत्या. त्या आल्या पावली परत गेल्या.

लायब्ररीच्या पुस्तकात ते पेन्सिलीनं दुरुस्त्याही करतात. 'इथे अर्धा इंच जास्त कापावे,' असं समासात वाचून लायब्ररीतल्या मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं, तर हे म्हणाले, पुढच्याचं नुकसान तरी टळेल. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, घरात एकच नियम केला होता की जेवताना पुस्तक उघडायचं नाही. हा पठ्ठ्या मग पुस्तक मिटून तोंडपाठ सांगायचा. ताई बिचारी कानावर पदर घेऊन वरण वाढायची.

ताई आता ठणठणीत आहे, म्हणून पुढचं सांगतो. मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली, ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी दवाखान्यात साडूभाऊंच्या काखेत तेच कातडी उतरवायचं पुस्तक पाहून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, या माणसाला काळीज आहे की नाही! तेवढ्यात नर्सनं संमतीचा कागद आणून दिला. कुठं कापणार, काय काढणार, काय होऊ शकतं, अशा जेमतेम चार ओळी होत्या. त्यांनी चष्मा लावला, काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि कागद माझ्या हातात दिला.

"तू वाच. अन् कापायचं जे काय लिहिलं असन, ते सोडून वाच."

मी ओळींवरून बोट फिरवत राहिलो. तेवढं सोडल्यावर त्या कागदावर ताईचं नाव, तिचं वय आणि 'सही करणाऱ्याचे रुग्णाशी नाते : पती' एवढंच उरत होतं. मी तेवढंच वाचलं.

"अजून एकडाव वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी सही केली. कापडावर सुताचाही फरक न करणारा तो हात, पण सही चौकटीबाहेर गेली. नर्सनं कागद तसाच उचलून नेला. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली की त्यांचं ते पुस्तक मीच दिवसभर काखेत धरून बसलो.