होडीखालची गोधडी

आमच्या ह्यांना होडीचं वेड लागलं ते लढाईच्या दिवसांत. कालव्याच्या एका साहेबाने हौसेसाठी ठेवलेली निळी होडी बदली होताना ह्यांच्या गळ्यात मारली. हे शाळामास्तर. संध्याकाळी प्रवरेच्या डोहात मिरवायला मिळणार म्हणून हरखून गेले. मी हरखले नाही. आमच्या घरात कुणी काहीही नवं आणलं तरी त्याची उस्तवार शेवटी माझ्याकडे येते, हे मला एव्हाना कळून चुकलं होतं.

सासूबाईंना मात्र होडी मनापासून आवडली. उभा जन्म चुलीपुढे गेलेला. डोहाच्या मधोमध वाऱ्यावर बसल्या की त्यांचा चेहरा सैल होई. पण गुडघे धरलेले. पाण्यातून चालत जाऊन चढणं त्यांना जड जाई, म्हणून होडी काठावर ओढून घ्यावी लागे. कोल्हारच्या त्या काठाला वाळू कमी, गोटेच फार. होडी ओढली की तळ खरडल्याचा आवाज येई आणि हे वाकून ओरखडे तपासत. रोज असा घासला तर तळ टिकणार किती, आणि न घासावा तर आईला बसवायचं कसं, यावर रोज जेवताना मला व्याख्यान मिळे. मी वाढत असे आणि ऐकत असे.

तोड ह्यांनाच सुचली. गोट्यांवर गोधडी अंथरायची, ओली करायची आणि तिच्यावरून होडी ओढायची. आवाज नाही, ओरखडा नाही. मायलेक खूश. गोधडी धुवायची मी. वाळूने भरलेली ओली गोधडी काय जड असते ते जिने पिळली तिलाच ठाऊक. थंडीत ती लवकर वाळतही नसे. माझी मनगटं सुजली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तेल चोळ. होडीच्या तळालाही तेलच लागे, पण ते हे स्वतः चोळत.

एक गोधडी फाटली, मग दुसरी. कापड कंट्रोलचं, अंगावरची लुगडीच विरेपर्यंत नेसायची, तिथे नव्या गोधडीला जुनेर कुठून आणायचं? मला वाटलं, आता तरी हा उद्योग थांबेल.

एका संध्याकाळी स्वयंपाक आवरून मी नदीवर पोचले. सासूबाई होडीत बसलेल्या होत्या आणि होडीखाली माझ्या आईची गोधडी होती. आई गेल्यावर तिच्या दोन लुगड्यांची मी शिवलेली. जपून पेटीत तळाशी ठेवलेली, कधी पांघरलीसुद्धा नव्हती. हिरव्या लुगड्याचा काठ गोट्यांत चेपला होता.

"ती माझ्या आईची आहे," मी म्हटलं.

"अगं, धुतलीस की होईल पहिल्यासारखी," हे म्हणाले.

मला रडू आलं नाही. नुसता थकवा आला, इतका की मी तिथेच काठावर बसले. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

सासूबाईंनी आमच्याकडे पाहिलं. मग होडीची कड धरून त्या उतरू लागल्या. गोधडीवर पाय पडू नये म्हणून मागच्या बाजूने, सरळ पाण्यात. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्या ह्यांना म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात, जीव जात नाही. काढ ती खालून."

ह्यांनी होडी मागे ढकलली. गोधडीला मधोमध चीर गेली होती.

त्यानंतर काही दिवस सासूबाई हट्टाने पाण्यातूनच चढल्या, पण ते झेपेना, तेव्हा होडी उघड्या गोट्यांवरच ओढली जाऊ लागली. आवाज होई, हे दात आवळत. दोन पावसाळ्यांत तळ झिजला, पाणी आत येऊ लागलं आणि होडी परसात पालथी पडली. सासूबाईंनी तोवर मनसोक्त हिंडून घेतलं. होडी त्यासाठीच तर होती. ह्यांना मात्र ती पालथी पाहून भडभडून येई. हात फिरवत बसत तिच्यावरून.

आईची गोधडी मी आता पांघरते. चीर शिवलेली नाही. थंडीत पाय नेमका तिथूनच बाहेर येतो. टाके घाल की, हे म्हणतात. घालीन, मी म्हणते. सबंध गावाच्या गोधड्यांना टाके घातलेत मी. पण ही चीर ह्यांनी रोज पाहावी असं मला वाटतं.