नावं गाळून केलेलं वाचन

गावात कोणी माझं काम विचारलं की मी "भाषांतर" म्हणतो, आणि समोरचा "बरां" म्हणून विषय बदलतो. खोलात जाण्यात त्यालाही रस नसतो आणि मलाही. मी आयुष्यभर हिब्रू आणि ग्रीक शिकवली, पुण्यातल्या एका धर्मविद्यालयात, पुढे पाद्री होणाऱ्या मुलांना. माझी बायको म्हणायची, मेलेल्या माणसांशी बोलायला शिकवतोस आणि जिवंत माणसाने हाक मारली की तुला ऐकू येत नाही. निवृत्त झाल्यावर मालवणजवळच्या आमच्या गावी परतलो, ते आमचं पवित्र शास्त्र मालवणीत आणायचं म्हणून. चर्चमध्ये कोकणी, पुस्तकात मराठी, आणि भांडायला, रडायला, मासे घ्यायला मालवणी. या तिसऱ्या भाषेत देवाला अजून कोणी बोलू दिलेलं नाही, असं मी भाषांतर समितीच्या पहिल्याच बैठकीत म्हटलं होतं आणि स्वतःवर भलताच खूश झालो होतो.

गेल्या वर्षी आमचा मुलगा गेला. एकुलता होता. मोटारसायकलवरून घरी येताना, कणकवलीजवळ, हायवेवर. पोलिसाचा फोन मी घेतला. इस्पितळाचा पत्ता नीट सांगा म्हटलं, लिहून घेतला, वाचून दाखवला, आभार मानले आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी तसाच आहे. दुखत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालंय. दफनानंतर थोड्याच दिवसांत मी टेबलाशी बसलो, तर लोक म्हणाले, सरांची श्रद्धा मोठी. श्रद्धा कसली, समोर खुर्ची होती, बसलो.

बायको रडायची. आधी माझ्याजवळ, मग मागच्या दारी, मग शेजारणीकडे जाऊन. ती मुलाचं नाव घेऊन काही सांगायला लागली की मला नेमकं एखादं काम आठवायचं. गेट उघडं राहिलंय, पंप बंद करायचाय. ठरवून नव्हतं काही. पण त्याचं नाव माझ्या तोंडून दफनाच्या दिवसानंतर निघालं नव्हतं, हे खरं. माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं होतं.

या मे महिन्यात वर्ष भरणार होतं. वर्षाच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या स्मरणविधीचं, फादरांशी बोलून मी घरी आलो, तेव्हा तिने मला सांगितलं की मिस्सा झाली की ती म्हापशाला बहिणीकडे जाणार आणि तिथेच राहणार. ती चिडलेली नव्हती. "माझ्यान आता हंय एकटीन रडूक जमणा नाय," एवढंच म्हणाली. मी घाबरायला हवं होतं. मी विचारलं, बसने जाणार की गाडी सांगू. ती ताटं घ्यायला उठली.

माझ्या टेबलावर तेव्हा शास्त्रातल्या त्या म्हाताऱ्या राजाची गोष्ट होती, ज्याचा मुलगा त्याच्यावरच उलटतो. लढाई होते. राजा दरवाजात बसून खबरीची वाट बघतो आणि धावत येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारतो, पोरगा बरा आहे ना. मग खबर येते. समितीतल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हे प्रकरण दुसऱ्या कोणाला देऊ का. मी म्हटलं, कशाला. आणि खरोखरच एका बैठकीत ते उरकलं. वाक्यं लहान आहेत, अडण्यासारखं त्यात काही नाही.

मसुदा झाला की तो ऐकवून बघायची आमची पद्धत आहे. शास्त्र न वाचलेल्या माणसाला बसवायचं, वाचून दाखवायचं आणि त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचं. पहिल्या वाचनात माणसांची, गावांची सगळी नावं गाळायची, राजालाही नुसतं "बापूस" म्हणायचं, म्हणजे कुठेतरी कानावर पडलेल्या गोष्टीवरून कोणी अंदाज बांधत नाही. नावं घालायची ती दुसऱ्या वाचनात. प्रस्तावना करायची नाही, आवाजात भाव आणायचा नाही. या शेवटच्या नियमात माझा हात धरणारा समितीत कोणी नाही.

माझी ऐकणारी म्हणजे आमची शेजारीण. वयाने माझ्याहून मोठी, भातशेती आणि काजूची थोडी झाडं असलेली. तिच्या घरात गणपती आणि आमच्या घरात क्रूस, पण कोकमाचे रातांबे उतरले की ती आणि माझी बायको दर वर्षी आमच्याच घरापुढच्या खळ्यात बसून ते फोडतात आणि सोलं वाळत घालतात. त्या दुपारी बायको मीठ आणायला आत गेली होती. शेजारीण मान खाली घालून रातांबे फोडत होती, हात मनगटापर्यंत लाल झालेले. मी खुर्ची ओढली आणि वाचायला लागलो. एरवी निदान "आता वाचतो" एवढं तरी सांगतो, त्या दिवशी तेही राहिलं. आतापर्यंत तिने माझ्याकडून पेरणी, मेंढरं आणि मासेमारी ऐकली होती. त्या दिवशी मी शेवटचाच तुकडा घेतला होता. बापूस दारात वाट बघतो. कोणीतरी येऊन सांगतं, झील, म्हणजे मुलगा, गेला. बापूस माडीवर चढतो आणि चढता चढता मुलाला हाका मारतो, म्हणतो, तुझ्या जागी मी गेलो असतो तर.

आता तिला विचारायचं होतं, काय झालं ते सांग. त्याआधीच तिचे हात थांबले. तिने मान वर केलीच नाही, तशीच घराकडे वळून माझ्या बायकोला हाक मारली.

"बाये, भायर ये गो. तुझो घोव झिलाबद्दल बोलता आसा."

मला आधी राग आला तो वाचन फुकट गेल्याचा. खरंच सांगतो, तेवढाच आला. वहिनी, ही हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, दुसऱ्याच कोणाची, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण ती पुढे सरकून माझ्या खुर्चीशी बसली होती, तिचा लाल हात माझ्या गुडघ्यावर होता आणि ती रडत होती.

"वरीसभर तू बोलूक नाय," ती म्हणाली. "आमका वाटला, तुका कायच वाटणा नाय."

गोष्ट दुसऱ्याची आहे हे सांगायचं मी सोडून दिलं. इतकं साधं कोणी मला बोललं नव्हतं.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिला माझ्या हातातला कागद दिसला. राजाची ती गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली आहे, मसुदाही तिने टेबलावर पाहिला होता. तिची गैरसमजूत होणं शक्य नव्हतं, आणि ती करून द्यायची माझी हिंमतही नव्हती. तिने शेजारणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता ही शेजारणीला खरं काय ते सांगेल आणि आत जाऊन बॅग भरायला घेईल, असं वाटलं, आणि त्या वर्षात मला पहिल्यांदा भीती वाटली. ती हातातलं मीठ खाली ठेवून शेजारणीच्या बाजूला बसली.

"आता नाव घालून वाच," ती म्हणाली.

मी कागदाकडे पाहिलं. शेवटच्या ओळीत राजाच्या मुलाच्या नावापुरती जागा सोडलेली होती. तिथे मी आमच्या मुलाचं नाव घेतलं. आवाज फाटला. बाप तिथे एकदाच हाक मारून थांबत नाही, म्हणून पुन्हा घेतलं. त्यापुढे मला ते पुरतं उच्चारता आलं नाही. उरलेलं बायकोने उच्चारलं.