निळ्या टेबलाचा खण

रंगाऱ्याच्या घरात एकही वस्तू दुकानातून आलेली नव्हती. थोरल्या भावाचा हप्त्यावरचा फ्रिज वसुलीवाल्यांनी अख्ख्या गल्लीदेखत उचलून नेला, तेव्हाच रंगाऱ्याच्या बायकोने कानाला खडा लावला. "हप्त्याच्या पलंगावर मला झोप लागायची नाही," म्हणायची. मग पलंग, कपाट, पंखा, सगळं नाक्यावरच्या वापरलेल्या सामानाच्या केंद्रातून यायचं आणि घरात नको झालेलं तिथेच जायचं. ती राजरोस ने-आण करायची. हा पठ्ठ्या मात्र अंधार पडायची वाट बघायचा. लाज वाटायची हो त्याला. घरी आणलं की घासकाम, भेगा बुजवायला लांबी, वर दोन हात रंग. हात असा सफाईदार, की जुन्या मालकानेही वस्तू ओळखू नये.

लेकीच्या अभ्यासाचं टेबल त्याने असंच आणून निळंशार केलं. बायको माहेरी गेलेली, टोकायला कोणी नव्हतं. एक तरी वस्तू नवी आली म्हणून पोरीने हरखावं, एवढ्यासाठी त्याने ठोकून दिलं, "दुकानातून आणलंय." पोरगी हरखलीच. वर्गभर सांगत सुटली आणि शनिवारी जिवलग मैत्रिणीला टेबल दाखवायला घरी घेऊन आली.

"नवं कोरं आहे, बरं का. जपून," रंगाऱ्याने ऐटीत बजावलं.

लेक खण ओढायला गेली, तर तो अडला. मैत्रीण सहज पुढे झाली, गुडघ्याने खण खालून जरासा उचलला आणि ओढला. सुळकन बाहेर आला. आतून रंग द्यायचा रंगाऱ्याने कंटाळा केला होता. तिथे चिकटवलेल्या चांदण्यांवर तिने बोट ठेवलं आणि पटकन मागे घेतलं.

"छान आहे टेबल, काका," एवढंच म्हणाली आणि मान खाली घातली.

रंगाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिचं टेबल, तिलाच आपण जपून वापरायला सांगत होतो, आणि त्या एवढ्याशा पोरीने आपली अब्रू झाकली. तो न्हाणीघरात जाऊन धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत बसला.

मैत्रिणीला खालपर्यंत सोडून लेक परत आली, ती तणतणतच.

"बाबा, ते टेबल तिचं होतं. त्यांनी केंद्रात दिलेलं. मी तिला सांगितलं, बाबांना काय माहीत? दुकानदाराने जुनं रंगवून त्यांच्या गळ्यात मारलं." तिने त्याचा ओला हात धरून ओढला. "कुठलं दुकान ते? चला, आत्ताच्या आत्ता जाब विचारू."

रंगाऱ्याला तिच्याकडे बघवेना.

"दुकान नाहीच गं," तो म्हणाला. "रंगवलंही मी, आणि फसवलंही मीच."

लेकीने हात सोडला.

"मग मी तिला सांगितलं ते?"

"मी येतो. मीच सांगतो तिला."

मैत्रिणीचं घर दोन गल्ल्या सोडून. लेक पुढे चालली होती आणि रंगारी मागून. घर येईपर्यंत तिने एकदाही वळून पाहिलं नाही.